नऊ वाजताचे थेंब

(मंडळाच्या महिला शाखेच्या श्रावणातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या गणेशोत्सवात रात्रीची आरती संपली, मंत्रपुष्पांजली झाली, की मी खिरापतीसाठी न थांबता चपला शोधायला लागायची. चौथ्या दिवशी अध्यक्षीणबाईंनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "अहो, रोज कुठे पळता? घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "हो, नऊ वाजता डोळ्यांत थेंब घालायचे असतात." "भाऊजींच्या?" "नाही, खंडूच्या." "खंडू म्हणजे नातू का?" मग सांगावंच लागलं, की खंडू म्हणजे आमचा कुत्रा. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "यावर एकदा बोलाच आमच्यापुढे." म्हणून आज उभी आहे.

मी डॉक्टर नाही. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे एवढंच. खंडूची एक वही आहे. तिच्यातलंच आज सांगणार आहे. त्यात माझी एक मोठी चूकही आहे. ती लपवली तर या बोलण्याला काही अर्थ राहणार नाही.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. घराणं इंदुरात येऊन पाच पिढ्या झाल्या, पण चंपाषष्ठीचा भरीत-रोडगा चुकलेला नाही. नैवेद्यातला एक घास कुत्र्याला घालायचा, ही सासूबाईंची रीत. चार वर्षांपूर्वी चंपाषष्ठीला मी पान घेऊन बाहेर आले, तर स्कूटरच्या आडोशाला एक जीव पडलेला. कुत्रा आहे हे आधी ओळखूच आलं नाही. अंगावर केस नाहीत, कातडी राखाडी, जाड आणि सुरकुतलेली, कानांच्या कडांवर खपल्या, आणि आंबूस कुबट वास. डोळे चिपडांनी चिकटलेले. रोडगा समोर ठेवला तरी त्याला दिसेना. वासावर आला आणि सगळं खाऊन गेला.

भरितात कांदा होता. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता आम्ही त्या दिवशी कुत्र्यासाठी नुसता रोडगा काढून ठेवतो. खंडोबा रागावेल असं वाटत नाही.

हे म्हणाले, "चंपाषष्ठीला दारात आलाय, हाकलायचा नाही." नाव तिथेच ठरलं. पण कुलदैवताच्या नावानं कुत्रा दारात ठेवणं सोपं, पुढचं सगळं अवघड. पलीकडच्या घरातून सल्ला आला, "आंटीजी, गैरेज से जला हुआ ऑइल ले आओ, दो बार चुपड़ दो, ठीक हो जाएगा." दुसऱ्यांनी रॉकेल सांगितलं, तिसऱ्यांनी गंधक आणि करंजाचं तेल. मैत्रिणींनो, आज इथून एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ही न्या. जळकं ऑइल आणि रॉकेल कातडीतून आत जातं, शिवाय कुत्रा अंग चाटतो, तेव्हा पोटातही जातं. आधीच सोललेल्या कातडीवर ते म्हणजे छळच. गुरांना टोचायचं औषध अंदाजानं देणारेही असतात. कोली जातीच्या आणि तिच्या मिळत्याजुळत्या जातींच्या काही कुत्र्यांना तेच औषध जिवावर बेततं.

आम्ही त्याला जुन्या चादरीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक गंमत दाखवली. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, तर खंडूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. म्हणाले, खरुजेची ही खूण. मग पात्यानं कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडा दाखवला. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. तो कातडीत बीळ करून राहतो, तिथेच अंडी घालतो. खरवडून पाहिलं आणि किडा सापडला नाही, तरी खरूज नाही असं होत नाही. लक्षणं असली तर औषध द्यावंच लागतं, असंही त्यांनी सांगितलं.

आठ दिवसांत मला मनगटावर आणि ह्यांना पोटावर पुरळ उठलं. पुण्याहून मुलाचा फोन, "आई, तुम्ही काय करून बसलात?" कुत्र्याची ही खरूज माणसाला चिकटते, पण माणसाच्या अंगावर तो किडा फार दिवस टिकत नाही. कुत्र्याला औषध लागू पडलं, तशी आमची खाजही गेली. तोवर चादरी उकळत्या पाण्यात, आणि खंडू मागच्या पडवीत वेगळा.

आणखी एक. अनोळखी कुत्र्याला हात लावण्याआधी रेबीजचा विचार करायचा. आम्ही दोघांनी डॉक्टरांना विचारून आधी स्वतः लस घेतली, मग खंडूला दिली. त्याची लस दरवर्षी चुकवत नाही. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

खरूज गेली. महिन्याला एक गोळी, आणि कातडीवर जंतूंचा दाह होता म्हणून औषधी शाम्पूनं आठवड्यातून दोन आंघोळी. या आंघोळीत एक मेख आहे. फेस लावून दहा मिनिटं ठेवायचा असतो, तरच औषध काम करतं. ओला, कुडकुडणारा, पळू पाहणारा कुत्रा दहा मिनिटं धरून ठेवणं म्हणजे काय, ते तान्ह्या बाळाला न्हाऊ घातलेल्यांनाच कळेल. मी मोठ्यानं रामरक्षा म्हणते. ती संपेपर्यंत दहा मिनिटं होतात.

सहा आठवड्यांनी पाठीवर लव आली. कबरा निघाला. तोवर आम्हाला त्याचा रंगच माहीत नव्हता. वजन नऊ किलोवरून चौदा झालं. शेजारचे बघायला यायचे, आम्ही दोघं मिरवायचो. आपण एक जीव वाचवला, गोष्ट संपली, असं वाटत होतं.

गोष्ट तिथे सुरू झाली.

पावसाळा लागला आणि खंडू पुन्हा खाजवायला लागला. यावेळी पंजे चाटून चाटून लाल, काखा काळपट, कानांतून आंबलेल्या पिठासारखा वास. वाटलं, खरूज उलटली. डॉक्टरांनी खरवडून पाहिलं, किडा नव्हता. बोटांच्या मधे चिकटपट्टी लावून काचेवर घेतली, तर बुरशीच बुरशी. पण ती मूळ कारण नव्हती. म्हणाले, "हा ॲलर्जीचा जीव दिसतोय. पिसवा, खाणं, की हवा-धूळ-परागकण, एकेक वगळत जाऊ."

पिसवांचं औषध चालूच होतं. मग खाण्याची परीक्षा. आठ आठवडे एकच विशिष्ट अन्न, त्याखेरीज एक घासही नाही. दूध-पोळी बंद. मी डबा मोजून द्यायची. सहाव्या आठवड्यात कॉलनीचा चौकीदार सहज बोलला, "साहब तो रोज सुबह इसको सेव खिलाते हैं." साहेब म्हणजे आमचे हे! फिरायला निघताना खिशात रतलामी शेव. परीक्षा पहिल्यापासून पुन्हा. दुसऱ्या खेपेला आठ आठवडे नीट पार पडले आणि कळलं, की खाण्याचा दोष नाही. दोष हवेतल्या कशाचा तरी. म्हणजे जो काढून टाकता येत नाही त्याचा.

मी विचारलं, "मग बरा कधी होणार?" डॉक्टर म्हणाले, "आंटी, ये ठीक नहीं होगा. संभलेगा."

तेव्हा मला ते वाक्य लागलं. घरी येऊन मी ह्यांच्यावरच चिडले. हे शांतपणे आपली साखरेची गोळी घेत होते. बावीस वर्षं झाली त्यांच्या मधुमेहाला. गोळी हातात धरून म्हणाले, "मला कधी विचारलंस का, बरे कधी होणार म्हणून?"

खरंच, कधी विचारलं नव्हतं. माणसाचा मधुमेह, रक्तदाब, संधिवात, सगळे आपण सांभाळायचे म्हणूनच धरून चालतो. साखर ताब्यात असली की म्हणतो, "बरे आहेत." कुत्र्याच्या बाबतीत मात्र एक औषध द्यावं, तो बरा व्हावा, आणि आपण पुण्य पदरात घेऊन मोकळं व्हावं, अशी आपली अपेक्षा. रस्त्यावरची निम्मी औषधं अशीच अर्धवट सुटतात. चार दिवस कळवळा, पाचव्या दिवशी कंटाळा.

आता माझ्या चुकीकडे येते.

खंडूचे डोळे पहिल्यापासून चिकट. रोज सकाळी पिवळसर-हिरवी, दोरीसारखी घाण. एका दवाखान्यात जंतुनाशक थेंब दिले. आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. असं तीन-चारदा झालं. आपल्याकडे म्हणतात ना, भटक्या कुत्र्याचे डोळे असेच असतात. मीही तेच धरून चालले.

त्याच वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नंतर घालायच्या थेंबांची अर्धी बाटली फ्रिजच्या दारात उरलेली. एका रविवारी खंडूचा डावा डोळा लाल दिसला. दवाखाना बंद. मला वाटलं, माणसाच्या डोळ्याला चालतात ते थेंब, कुत्र्याला का नाही चालणार? घातले. संध्याकाळपर्यंत लाली उतरली. मी ह्यांना सांगितलं सुद्धा, "बघा, कशाला दर वेळी पैसे घालवायचे?"

चार दिवस घातले. पाचव्या दिवशी सकाळी डोळा गच्च मिटलेला. पाणी गळतंय, हात जवळ नेला की ओरडतोय. बळेच उघडून पाहिला, तर बुबुळावर दुधाळ निळसर सावट.

डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंगाची कागदी पट्टी टेकवली आणि दिवा बंद करून निळ्या उजेडात दाखवलं. बुबुळाच्या मधोमध हिरवा चमकणारा डाग. तो रंग जखमेतच भरतो. त्यांनी विचारलं, "कोई दवा डाली थी?" मी पर्समधून बाटली काढून दिली. त्यांनी वाचली, टेबलावर ठेवली, आणि क्षणभर काही बोलले नाहीत. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. ऑपरेशननंतरची सूज उतरावी म्हणून माणसाला देतात. पण बुबुळावर जखम असेल, तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, उलट खोल करतं. लाली उतरली ती यामुळेच, आणि आत जखम वाढत राहिली.

महिनाभर दर दोन तासांनी औषध, रात्रीसुद्धा. गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, पंजा डोळ्याला लागू नये म्हणून. ते घेऊन दारांवर, खुर्च्यांवर आपटायचा. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या बाजूनं खंडूला आता फक्त उजेड-अंधार कळतो. ही चूक माझी. त्याच्या नशिबाची नाही, डॉक्टरांची नाही, रस्त्याची नाही. त्याला हे समजत नाही, हे माझं नशीब. रोज सकाळी तो त्याच हातांसमोर मान वर करून बसतो.

जखम भरत असताना डॉक्टरांनी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणी करून यायला सांगितलं. इंदुरापासून वीस-बावीस किलोमीटर. आपल्या शेजारी एवढं जुनं महाविद्यालय आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? मला नव्हतं. तिथे खालच्या पापणीत खुणा असलेल्या कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि घड्याळ लावलं. एका मिनिटात पट्टी अश्रूंनी किती भिजते ते मोजायचं. निरोगी कुत्र्याची पंधरा मिलिमीटर किंवा जास्त भिजते. खंडूच्या चांगल्या, उजव्या डोळ्याची भिजली सहा. डाव्याची, जखम भरल्यावर पाहिली तेव्हा, दोन.

म्हणजे डोळे ओले दिसत होते, पण होते कोरडे. अश्रू कमी पडले की डोळा त्या जागी चिकट पू-शेंबूड तयार करतो. आम्ही तो पुसत होतो आणि जंतूंना दोष देत होतो. कोरड्या बुबुळाला पापणी घासते, त्यातून जखम होते. बहुतेक वेळा शरीराचीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, त्यातून हा आजार होतो. त्याला सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, आणि वरून कृत्रिम अश्रूंचे थेंब. किती दिवस? जन्मभर. परिणाम दिसायलाच महिना-दोन महिने लागतात, म्हणून पुष्कळ लोक मधेच सोडून देतात. दोन महिन्यांनी उजव्या डोळ्याची पट्टी तेरापर्यंत भिजली. मी तो आकडा वहीत लाल शाईनं लिहिला आहे.

आता आमचा रोजचा क्रम सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी उपयोगी पडेल. सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, ओढायचा नाही, चिपडं भिजू द्यायची. आधी थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम. मलम आधी घातलं तर थेंब वरूनच घसरून जातात. बाटली समोरून आणायची नाही, डोक्यामागून आणायची, म्हणजे तो बिचकत नाही. झालं की लगेच बक्षीस. हात धुवायचे. रात्री नऊला पुन्हा हेच. आठवड्याला एक आंघोळ, बोटांच्या मधली जागा कोरडी. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे धुवून पुसायचे, आणि खाज फार वाढली तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी. महिन्याला दीड-दोन हजार जातात. ह्यांच्या औषधांपेक्षा थोडे कमीच.

मागे उज्जैनला लग्नाला गेलो, चार दिवस. घरी कामाला येणाऱ्या बाईंना सांगून गेलो, पण त्यांना कुत्र्याची भीती. थेंब चुकले. परत आलो तर उजवा डोळा, तोच एक चालता, लालभडक. नशिबानं जखम नव्हती. तेव्हापासून शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी शिकून घेते आहे. असा आजार सांभाळायचा तर घरात दुसरा हात तयार ठेवावा लागतो. आज सभेला येताना मी किल्ली तिच्याकडे देऊन आले आहे.

लोक विचारतात, एवढ्यात गावातली किती गरजू माणसं सांभाळली गेली असती? प्रश्न चुकीचा नाही. मी त्याला उत्तर देत नाही. नामदेव महाराज कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली आहे. मला हल्ली वाटतं, एकदा तूप घेऊन धावणं जमतं. रोज धावणं कठीण. आणि रोजच्या धावण्यात भक्तिभाव वगैरे राहत नाही, कंटाळा येतो. कंटाळा आला तरी नऊ वाजता उठायचं, एवढंच आपल्या हातात.

प्रत्येकीनं कुत्रा घरी आणावा, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी आणूच नये. पण पुढल्या महिन्यात गणपती येत आहेत, तेव्हा तीन गोष्टी मंडळानं कराव्यात. खिरापतीत बेदाणे असतील तर ती कुत्र्यांना घालू नये, बेदाणे आणि द्राक्षं त्यांची मूत्रपिंडं बिघडवू शकतात. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण प्रसाद वाटायचा उत्साह त्यांनाच असतो. विसर्जनाच्या दिवशी गुलाल कुत्र्यांच्या अंगावर उधळू देऊ नये. डोळे कोरडे असलेल्या जिवाला ती पूड म्हणजे काचच. आणि मांडवाच्या आजूबाजूला जी चार-पाच कुत्री असतात, त्यांची नसबंदी आणि लस झाली आहे का, हे महापालिकेकडे विचारून घ्यावं. 2023च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्यांच्याच जागी परत सोडायची असतात. तक्रार करायला आपण जातो, तसं हे विचारायलाही जाऊ या.

आणि फ्रिजच्या दारात अर्धी उरलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली असेल, तर आज घरी गेल्यावर ती फेकून द्या. कुत्र्यासाठी नाही, माणसासाठीही ठेवू नका.

खंडू आता सतरा किलोचा आहे. पावसाळ्यात खाजवतो, थंडीत छान असतो. डावीकडून कोणी आलं तर दचकतो, म्हणून आम्ही त्याच्या उजव्या बाजूनं जातो, पाहुण्यांनाही सांगतो. परवा एक वहिनी म्हणाल्या, "अजून औषध चालूच? बरा नाही झाला?" मी म्हटलं, "बरा होणार नाही. पण बरा आहे."

पावणेनऊ झाले आहेत. त्या मुलीची उद्या परीक्षा आहे, म्हणून रात्रीचे थेंब मीच घालीन असं कबूल करून आले आहे. चहा झाला की माझ्यासाठी थांबू नका.